काट्यावरची तार

चोरी केली असती तरी पोरीला इतकं बोलले नसते, असं शाळेच्या एर्सिरा बाईंना राहून राहून वाटत होतं. चोरलेली वस्तू परत देता येते, चार माणसांत कान धरले की विषय मिटतो. पण नायादेतवर आळ होता सरकारी मालाची नासधूस केल्याचा. आणि तो घेतला कुणी? ज्यांनी शाळेला होकायंत्रं स्वतःच्या हाताने आणून दिली, पण एकदाही उघडून बघितली नाहीत, त्या शिक्षण कचेरीच्या बेर्नाल साहेबांनी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

लाँचने पुल्काव बेटाचा धक्का सोडला तेव्हा पाऊस होताच. आमच्या चिलोएत, चिलीच्या पार दक्षिणेकडच्या बेटांवर, तो नसतो कधी? बाकावर एका बाजूला बाई, मधे तेरा वर्षांची नायादेत चिग्वाय आणि पलीकडे तिची आई सोइला. शिंपल्यांच्या कारखान्यातून रजा मागून आली होती बिचारी. मांडीवर फडक्यात बांधलेले मिल्काओ, बटाट्याच्या जाड भाकऱ्या, होते, पण कुणालाच खायची वासना नव्हती.

"बाई, एक सांगू का," सोइला म्हणाली. "साहेबांच्या कचेरीत गेल्यावर आवाज चढवू नका हं. तुमचं जाईल निभावून. माझ्या पोरीची जागा जाईल."

सोइलाचं खोटं नव्हतं. मोठ्या बंदरावर नौकानयनाची निवासी शाळा आहे. तिथे बोट चालवायला शिकवतात, परवाना मिळतो. आमच्या बेटावरून आजवर एकही मुलगी तिथे गेलेली नाही. नायादेतचे मार्क चोख होते, अर्ज तयार होता. फक्त वर्तणुकीच्या रकान्यात शिक्षण कचेरीचा शेरा लागत होता, आणि तिथे साहेबांनी लिहून ठेवलं होतं, शासकीय साहित्याचे हेतुपुरस्सर नुकसान. होकायंत्र बिघडवणारी पोर कोणती शाळा बोटीवर घेईल? बाईंच्या तळपायाची आग पुन्हा मस्तकात गेली. 

झालं होतं ते असं. 

त्या धड्याचं नाव होतं विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र, आणि पुस्तकातली व्याख्या अशी की वाचता वाचता पोरांनी जांभया द्याव्यात. बाईंनी पुस्तक मिटलं. एक फुगा फुगवला, स्वतःच्या लोकरी स्वेटरवर खसाखसा घासला आणि कागदाच्या कपट्यांवर धरला. कपटे उडून फुग्याला चिकटले. 

"फुग्याने हात लावला का त्यांना?" बाईंनी विचारलं. 

"नाही." 

"मग ओढलं कुणी? फुग्यावर वीज साठली. तिच्या भोवतीच्या जागेत तिचा जोर चालतो. जिथवर चालतो ते तिचं क्षेत्र. जवळ गेलं की जास्त, लांब गेलं की कमी." 

"म्हणजे आमच्या आजीसारखं," मागून एक पोरगा म्हणाला. "ती खोलीत आली की हात न लावताच सगळे सरळ बसतात." 

वर्ग हसला. बाई म्हणाल्या, अगदी बरोबर, हेच परीक्षेत लिही, फक्त आजीचं नाव घालू नको. 

मग त्यांनी मोडक्या रेडिओतला चुंबक काढला. बोटी बांधणाऱ्याच्या कानशीखाली पडलेला लोखंडाचा कीस कागदावर पसरला आणि खालून चुंबक लावला. कीस आपणहून रांगा धरून उभा राहिला, एका टोकाकडून निघून वळसा घेत दुसऱ्या टोकाकडे. पोरं डोकी एकमेकांवर आपटत बघायला लागली. बाईंनी एक जुना पट्टीचुंबक हातोडीने मधोमध तोडला. आता प्रत्येक तुकड्याला एकच टोक राहणार अशी सगळ्यांची खात्री. कुठलं काय. दोन्ही तुकड्यांना पुन्हा उत्तर आणि दक्षिण दोन्ही होती. 

"विजेचं धन वेगळं काढता येतं, ऋण वेगळं काढता येतं," बाई म्हणाल्या. "चुंबकाची टोकं मात्र कितीही तोडा, जोडीनेच राहतात." 

"नवराबायकोसारखी?" 

"नवराबायको सुटतात रे. ही सुटत नाहीत." 

घोळ झाला तो सुईने. बाईंनी लोकर विणायची लांब सुई घेतली, बरोबर मधोमध दोरा बांधला आणि ती आडवी, समतोल लोंबकळत ठेवली. मग काढून चुंबकावर एकाच दिशेने पुष्कळदा घासली आणि त्याच गाठीने पुन्हा टांगली. सुई फिरली आणि दक्षिणोत्तर झाली. पण आडवी राहिली नाही. तिचं दक्षिणेकडचं टोक खाली गेलं, चांगलं सणसणीत खाली, जसं कुणी तिथे शिसं बांधलंय. 

नायादेतने पुस्तक उघडलं. चित्रात उत्तरेकडचं टोक खाली वाकलेलं होतं. तिने एकदा चित्र पाहिलं, एकदा सुई पाहिली. 

"बाई, यातलं चुकलं कोण?" 

दुसरी एखादी बाई म्हणाली असती, पुस्तकात आहे तसं लिही आणि मार्क घे. एर्सिरा बाई शाळेच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि एक मोठा जांभळा बटाटा घेऊन आल्या. तो चिरून त्यांनी आत तुटका चुंबक खुपसला, दोन्ही फाका दोऱ्याने बांधल्या, आणि छोटी टांगलेली सुई बटाट्याभोवती सावकाश फिरवली. बटाट्याच्या वरच्या अर्ध्यात सुईचं उत्तरेचं टोक सालीत घुसू पाहत होतं. मधे आली की आडवी. खालच्या अर्ध्यात आली की शेपूट, म्हणजे दक्षिणेचं टोक, सालीकडे आणि डोकं सालीपासून लांब. 

"ही आपली पृथ्वी," बाई म्हणाल्या. "पुस्तक लिहिणारा राहतो इथे वर. त्याच्याकडे क्षेत्राच्या रेषा जमिनीत शिरतात. आपण राहतो इथे खाली. आपल्या पायाखालून त्या बाहेर पडतात. तो त्याच्या अंगणातलं लिहून गेला. आपलं अंगण बघायला आला नाही, एवढंच." 

नायादेतने वहीत दोन्ही चित्रं काढली. 

आणि त्यानंतर काहीच दिवसांनी बेर्नाल साहेब होकायंत्रांची पेटी घेऊन आले. नवी कोरी, उत्तरेकडच्या कुठल्याशा देशात बनलेली. साहेबांनी पेटी धरून फोटो काढून घेतला, कोंबडीचा रस्सा खाल्ला, आणि भरतीची वेळ गाठून निघून गेले. पोरांनी होकायंत्रं हातात घेतली तर काय, काटा हलेना. डबी फिरवावी तसा काटा डबीबरोबर फिरे. पोरं फिदीफिदी हसायला लागली. एक म्हणाला, सरकारी आहे ना, बसल्या जागेवरून हलायचं नाही असा नियम असेल. 

नायादेत हसली नाही. तिने डबी डोळ्यांजवळ धरली. काट्याचं दक्षिणेकडचं टोक तळाला घासत होतं, आणि त्या टोकावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे वेढे होते. 

"बाई, त्यांच्याकडे काट्याचं डोकं खाली जातं ना? तर समतोल राहावा म्हणून त्यांनी शेपटीला वजन बांधलंय. आपल्याकडे शेपूट आधीच खाली. त्यात वर ही तार." 

"मग?" 

"मग तार डोक्याकडे सरकवायची." 

शिंपले उघडायची सुरी आमच्या पोरींच्या खिशात असतेच. तिने तिच्या टोकाने झाकण अलगद उचकटलं, तार सरकवली, झाकण बसवलं. काटा थरथरला, गर्रकन वळला आणि उत्तरेला जाऊन उभा राहिला. बाईंच्या डोळ्यांसमोर तिने एकेक करून सगळी पेटी चालू करून दिली. बाईंनी तिला शाबासकी दिली होती. आणि तीच शाबासकी आता पोरीच्या गळ्यात फास होऊन बसली होती. 

कारण साहेब पुन्हा आले तपासणीला. झाकणांवर ओरखडे दिसले, तसा त्यांनी माहितीपत्रक काढलं, त्यातलं चित्र उघडलं, आणि बोट ठेवून विचारलं, "इथे तार या बाजूला आहे. तुमच्याकडे त्या बाजूला कशी?" काटा कुठे बघतोय ते पाहिलंच नाही. चित्राशी जुळत नाही म्हणजे बिघडवलं, झालं. बाईंनी परोपरीने सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. माझं नाव लिहा म्हणाल्या, तर साहेब म्हणाले, तुमच्यासाठी वेगळा कागद आहे. जाताना सुरी पुरावा म्हणून घेऊन गेले. 

तिघी पोचल्या तेव्हा कचेरीत शेगडी पेटलेली होती आणि ओल्या कोटांचा वास येत होता. साहेबांच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत ती सुरी ठेवली होती, एखाद्या खुन्याची असावी तशी. शेजारी पुल्कावहून जमा केलेलं एक होकायंत्र. कोपऱ्यात शिक्के मारणाऱ्या इर्माताई माते, आमच्याकडचा कढत पाल्याचा चहा, पीत बसल्या होत्या. 

"बसा," साहेब म्हणाले. "मला यात आनंद नाही, हे आधीच सांगतो. पण उद्या प्रत्येक पोराने सुरी घेऊन सरकारी वस्तू उघडायची म्हटलं तर कसं चालायचं?" 

"बंद वस्तू चालत होती का, ते विचारा आधी," बाई म्हणाल्या. सोइलाने टेबलाखालून त्यांच्या कोटाची बाही ओढली. 

"चालत होती की नाही ते मी दाखवतो." साहेब उठले, कपाटातून नवी पेटी काढली, तिचं सील फोडलं. "हा तोच माल. कुणी हात लावलेला नाही. बघा, होकायंत्र हे असं असतं." 

त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मागे रेलले. 

"उत्तर कुठे दाखवतंय?" बाईंनी विचारलं. 

"हे काय, खिडकीकडे." 

"आता डबी जरा फिरवा." 

साहेबांनी फिरवली. 

"आता कुठे?" 

काटा कपाटाकडे बघत होता. त्यांनी डबीला टिचकी मारली. काटा तिथेच. आणखी फिरवली, तेव्हा काट्याने इर्माताईंकडे तोंड केलं. 

"साहेब, आमच्याकडे घरं हलतात," बाई म्हणाल्या. "माझ्या वडिलांचं घर अख्ख्या गावाने बैल जुंपून, ओंडक्यांवरून ओढत खाडीपलीकडे नेलं, चुलीसकट. पण उत्तर दिशा कुणी ओढून नेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही." 

इर्माताईंना मातेचा ठसका लागला. 

"टेबल लोखंडी आहे," साहेब घाईने म्हणाले. "लोखंडाजवळ काटा चळतो. तुम्हीच शिकवता ना हे?" 

"शिकवते. चला बाहेर." 

कचेरीला समुद्रावर लाकडी सज्जा आहे, खाली लाकडी खांब, आसपास खिळ्यांपलीकडे लोखंड नाही. साहेबांनी दोन्ही हातांत दोन होकायंत्रं धरली, उजवीकडे सीलबंद पेटीतलं, डावीकडे नायादेतने तार सरकवलेलं. आणि ते तिथे पावसात स्वतःभोवती फिरले. उजवीकडचा काटा त्यांच्याबरोबर फिरला. डावीकडचा फिरला नाही. ते कसेही वळले तरी तो आपला उत्तरेला. साहेब एकदा फिरले, परत उलटे फिरले. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. 

आत आल्यावर माणसाने काय म्हणावं? चुकलो म्हणावं, एवढी साधी गोष्ट. पण खुर्चीत बसल्यावर साहेबांना पुन्हा साहेबपण चढलं. 

"हे बघा, असेल काही तांत्रिक. मी समजूतदार माणूस आहे. मुलीने एक माफीपत्र लिहून द्यावं. परवानगीशिवाय साहित्य उघडलं, पुन्हा करणार नाही. मी शेरा सौम्य करतो. जागा मिळून जाईल." 

त्यांनी कोरा कागद आणि पेन नायादेतपुढे सरकवलं. 

बाईंना वाटलं, आता आपण फुटणार. ज्या पोरीने मेलेली होकायंत्रं जिवंत केली, तिने ज्याने ती मेलेली आणून दिली त्याची माफी मागायची? पण सोइलाने पेन उचलून लेकीच्या हातात दिलं. "लिही गं," ती दबक्या आवाजात म्हणाली. "काय जातंय आपलं? दोन ओळी आहेत. शाळा महत्त्वाची." 

बाई खुर्चीत मागे सरकल्या. पोर सोइलाची होती. जागाही पोरीची होती. अभिमानाचा खर्च दुसऱ्याच्या घरातून करू नये, एवढं त्यांना कळत होतं. 

नायादेतने कागदावर तारीख घातली. मग थांबली. 

"आई, काय लिहू? तार सरकवली म्हणून माफी, की काटा चालायला लागला म्हणून?" 

"काहीही लिही, पण लिही." 

"बोटीवर असताना धुकं आलं, आणि होकायंत्र असं निघालं, तर मी काय करायचं? परत उघडायचं नाही म्हणून लिहून दिलंय, असं सांगू?" 

सोइलाने लेकीकडे बघितलं. आमच्या बेटावर असं एक घर नाही, ज्यात धुक्यात गेलेल्या कुणाचं तरी नाव भिंतीवर नाही, आणि सोइलाच्या घरात तर दोन आहेत. तिने हात मागे नेला, अंबाड्यातली पिन काढली आणि पेनाच्या जागी ती लेकीच्या हातात ठेवली. केस खांद्यावर सुटले, ते तिने आवरले नाहीत. 

नायादेतने सीलबंद पेटीतलं होकायंत्र पुढे ओढलं. 

"ए, ए, ते नवीन आहे," साहेब म्हणाले. 

तिने पिनेने झाकण उचकटलं. पिनेच्या लोखंडाकडे काटा सारखा झेपावत होता, म्हणून तार तिने नखानेच सरकवली, पिन दूर ठेवली आणि झाकण दाबून बसवलं. मग डबी घेऊन टेबलापासून लांब, दाराच्या लाकडी उंबऱ्यावर नेऊन ठेवली. काटा हलला, डोलला आणि समुद्राच्या बाजूला, जिकडे उत्तर असते तिकडे जाऊन थांबला. 

"आता हेही लिहा, साहेब," ती म्हणाली. 

इर्माताई मधेच बोलल्या. "साहेब, कपाटात अजून पेट्याच पेट्या आहेत. सोमवारी सगळ्या बेटांवर जायच्या आहेत. सगळ्या शाळांनी परत पाठवल्या, तर ठेवायच्या कुठे?" 

साहेबांनी कपाटाकडे बघितलं, मग पोरीकडे. गळा साफ केला. आवाजात एकदम लोणी आलं. 

"बाळ, एवढं छान करतेस, तर बाकीची पण करून देशील का? फार वेळ नाही लागणार तुला." 

नायादेत पेटीकडे वळणार, तोच बाईंनी पेटीवर हात ठेवला. आता कुणी बाही ओढेल याची त्यांनी पर्वा केली नाही. 

"आधी कागद," त्या म्हणाल्या. "मग काटे." 

"अहो, शेरा काढतो म्हटलं ना. हे बघा, लिहितो, माफ करण्यात आले." 

"माफी गुन्ह्याला असते. तिने गुन्हा कोणता केला?" 

"मग काय लिहू?" 

"काय झालं ते लिहा. वीस वर्षं मी पोरांना हेच सांगते, पुस्तकात काय आहे ते नको, समोर काय दिसलं ते लिहा. पोरांना जमतं." 

साहेबांनी पेन उचललं. हेतुपुरस्सर नुकसान हे शब्द खोडले. वर काहीतरी लिहिलं, पुन्हा थांबले, पुन्हा लिहिलं. इर्माताई शिक्का शाईत दाबून तयारच उभ्या होत्या. धाडकन मारला त्यांनी, टेबल हललं. 

बाईंनी कागदासाठी हात पुढे केला, पण त्यांच्या आधी सोइला बोलली. लाँचमध्ये आवाज चढवू नका म्हणणारी सोइला. तिने आवाज अजिबात चढवला नाही. 

"वाचून दाखवा, साहेब." 

"त्यात लिहिलंय सगळं." 

"लिहिलंय, आणि मला वाचताही येतं. पण नासधूस केली हे तुम्ही माझ्या दारात उभं राहून, शेजारी ऐकतील असं बोलला होतात. हेही तुमच्याच तोंडून ऐकू दे." 

साहेबांनी इर्माताईंकडे बघितलं. तिथे काही सुटका नव्हती. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "पुल्काव बेटाच्या शाळेतील विद्यार्थिनी नायादेत चिग्वाय हिने," ते म्हणाले आणि अडखळले. 

"मोठ्याने," सोइला म्हणाली. 

"हिने बंद पडलेली सरकारी होकायंत्रे स्वतःच्या बुद्धीने दुरुस्त केली." 

सोइलाने मान हलवली. मग तिने मांडीवरचं फडकं सोडलं आणि गार झालेले मिल्काओ शेगडीवर मांडले, कारण काम बरंच होतं आणि पोरीने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. 

नायादेतने पेटी जवळ ओढली आणि साहेबांपुढे तळहात पसरला. 

"माझी सुरी," ती म्हणाली. 

साहेबांनी पिशवीची गाठ सोडली, सुरी बाहेर काढली आणि मूठ तिच्याकडे करून तिच्या हातात दिली.